हाताच्या पकडीचे मापन : ‘सरासरी माणसा’पासून संदर्भमूल्यापर्यंत

१

एक यंत्र माणसाच्या हाती द्यावयाचे, ते त्याने सर्व शक्तीनिशी आवळावयाचे आणि तबकडीवरील काटा जेथवर जाईल तेथील आकडा नोंदवावयाचा, एवढीच हाताच्या पकडीच्या मापनाची क्रिया आहे. वैद्यकात इतकी सोपी व अल्पखर्चाची परीक्षा क्वचितच आढळेल. हाताच्या दुखापतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कितपत सुधारला, मज्जातंतूला झालेली इजा कितपत भरून आली, वृद्धाच्या स्नायूंचा ऱ्हास कोठवर गेला आहे, अशा अनेक प्रश्नांसाठी या आकड्याचा आधार घेतला जातो.

परंतु आकडा मिळाला म्हणजे त्याचा अर्थ मिळाला असे होत नाही. तीस किलोग्रॅम ही पकड चांगली की वाईट? ती सत्तर वर्षांच्या स्त्रीची असेल तर उत्तम म्हणावी लागेल. तीस वर्षांच्या लोहाराची असेल तर चिंतेची ठरेल. म्हणजे आकड्याला अर्थ येतो तो तुलनेने. आणि तुलना करावयाची तर ती कोणाशी, हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘निरोगी प्रौढ माणसाशी’ हे त्याचे आज दिले जाणारे उत्तर आहे. उत्तर सरळ दिसते. पण हा निरोगी प्रौढ माणूस कोण, तो कोठला, त्याला कोणी व कसे निवडले, याला दोन शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासात तुलनेचा माणूस वेळोवेळी बदलत गेला आणि त्याच्याबरोबर त्याच आकड्याचा अर्थही पालटत गेला.

हा आकडा स्नायूंचा एक गुणधर्म म्हणून वाचण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो चार गोष्टींच्या संयोगातून सिद्ध होतो : हाती दिलेले यंत्र, शरीराची ठेवण, उच्चारलेला आदेश आणि तुलनेसाठी निवडलेला समुदाय. यांपैकी एखादी गोष्ट अनुल्लेखित राहिली की आकडा दिशाभूल करू लागतो, आणि त्या दिशाभुलीची किंमत मोजावी लागते ती मोजणाऱ्याला नव्हे, तर ज्याला मोजले त्याला. प्रस्तुत लेखात या दृष्टीने पकडीच्या मापनाच्या इतिहासातील प्रमुख टप्प्यांचा विचार केला आहे.

२

माणसाचे बळ मोजण्याची इच्छा यंत्राहून जुनी आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फिलिप द ला इरने १६९९ मध्ये माणसाच्या व घोड्याच्या बळाची तुलना मांडली होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये डेसाग्युलिअर्सने टॉपम नावाच्या प्रसिद्ध बलवानाच्या करामतींचा यांत्रिकीच्या दृष्टीने अभ्यास केला, आणि जॉर्ज ग्रॅहमने बांधलेल्या यंत्राचा उल्लेखही त्याच काळात येतो. परंतु ते यंत्र अवजड होते. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यासारखे नव्हते.

सुटसुटीत यंत्र तयार केले ते फ्रान्समधील एद्मे रेन्ये (१७५१–१८२५) या शस्त्रास्त्रांच्या जाणकार यंत्रकाराने. त्याच्याकडे ही मागणी आली ती निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफों आणि त्याचा सहकारी गेनो द मोंबेयार यांच्याकडून. यांतील गेनोचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आणखी एका कारणाने राहिले आहे. त्याने स्वतःच्या मुलाची उंची १७५९ पासून १७७७ पर्यंत नियमाने मोजली आणि एका मुलाच्या वाढीची ती नोंद ब्यूफोंने प्रसिद्ध केली. वयाबरोबर शरीर कसे वाढते हे ज्याने मोजले, त्यालाच वयाबरोबर बळ कसे वाढते हे मोजावेसे वाटले, यात आश्चर्य नाही.

रेन्येने आपल्या ‘डायनॅमोमीटर’चे, म्हणजे बलमापकाचे, वर्णन १७९८ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे एक फूट लांबीची, लंबवर्तुळाकार वळवलेली पोलादी स्प्रिंग हा त्याचा मुख्य भाग होता. स्प्रिंगच्या दोन लांब बाजू हातांनी दाबल्या म्हणजे हातांचे बळ कळे; तिची दोन टोके विरुद्ध दिशांना ओढली म्हणजे पाठीचे किंवा घोड्याच्या ओढीचे बळ कळे. काट्याखालील तबकडीवर किलोग्रॅमचे अंक होते. किलोग्रॅम हे एकक फ्रान्सने १७९५ च्या कायद्याने स्वीकारले होते. म्हणजे यंत्र सिद्ध झाले तेव्हा ज्या एककात ते बळ सांगत होते ते एककच अवघे तीन वर्षांचे होते. रेन्येने स्वतः घेतलेल्या नोंदींनुसार पंचवीस ते तीस वर्षांच्या पुरुषाचे बळ सर्वाधिक असून हातांच्या दाबाचा आकडा ५० किलोग्रॅमच्या आसपास येतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. रेन्येच्या यंत्राने नोंदला जाणारा हा दाब दोन्ही हातांचा होता. आज पकड म्हणून जी मोजली जाते ती एका हाताची असते. शब्द तोच राहिला, कृती बदलली. त्यामुळे त्या काळचे आकडे आजच्या कोष्टकाशेजारी ठेवून तुलना करू पाहणारा प्रथमच फसतो.

३

रेन्येचे यंत्र प्रसिद्ध होऊन दोनच वर्षे झाली असता ते समुद्रावर गेले. निकोला बोदँच्या नेतृत्वाखाली १८०० मध्ये फ्रान्सहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या मोहिमेत फ्रांस्वा पेरों (१७७५–१८१०) हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याने हे यंत्र व्हॅन डीमेन्स लँडच्या, म्हणजे आजच्या टास्मानियाच्या, मूळ रहिवाशांच्या हाती दिले. तसेच न्यू हॉलंडच्या म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, तिमोर बेटावरील लोकांच्या, मोहिमेतील फ्रेंचांच्या आणि पोर्ट जॅक्सन येथील इंग्रजांच्याही हाती दिले. प्रत्येक समुदायातील माणसे थोडी होती. सरासरी मात्र त्याने दशांशासह दिली : टास्मानियाचे व ऑस्ट्रेलियाचे रहिवासी सुमारे ५१ किलोग्रॅम, तिमोरचे सुमारे ५९, फ्रेंच ६९ आणि इंग्रज ७१.

पेरोंचा हेतू केवळ नोंद करण्याचा नव्हता. रूसोच्या प्रभावाखाली त्या काळी असे मानले जात होते की, निसर्गाच्या सान्निध्यात राहणारा माणूस सुधारलेल्या माणसाहून बळकट असतो आणि सुधारणा शरीराला दुबळे करते. पेरोंने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात आपले आकडे या मताच्या खंडनासाठी पुढे ठेवले. सुधारणेच्या पायरीबरोबर बळही वाढत जाते, असा त्यांचा अर्थ त्याने लावला.

पेरोंच्या आकड्यांची तपासणी करण्यास दुसरे कोणतेही साधन नको; रेन्येचे आकडे पुरेसे आहेत. त्याच जातीच्या यंत्रावर, त्याच राष्ट्रातील पुरुषांचे बळ रेन्येला ५० किलोग्रॅमच्या आसपास आढळले होते. पेरोंला ते ६९ आढळले. म्हणजे फ्रेंच आणि फ्रेंच यांच्यातील अंतर १९ किलोग्रॅमचे आणि पेरोंच्याच कोष्टकातील फ्रेंच व तिमोरवासी यांच्यातील अंतर केवळ १० किलोग्रॅमचे. मापनाच्या पद्धतीतून उत्पन्न होणारा फरक जर लोकालोकांत दाखवलेल्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट असेल, तर त्या फरकावरून लोकांची प्रतवारी लावणे तर्काला सोडून होय.

शिवाय या मापनाच्या मुळाशी भाषेचा प्रश्न होता. पकडीचे मापन हे तापमानाच्या मापनासारखे नाही. थर्मामीटर रुग्णाच्या इच्छेची वाट पाहत नाही, बलमापक पाहतो. ‘सर्व शक्तीनिशी आवळ’ हा आदेश ऐकणाऱ्याला समजला पाहिजे, पटला पाहिजे आणि तो पाळण्याची त्याची इच्छाही असली पाहिजे. खलाशांना तो त्यांच्याच भाषेत सांगता येत होता आणि आपसांतील चढाओढीने त्यांना हुरूपही येत असणार. टास्मानियाच्या माणसाला तो खुणांनी सांगावा लागला. सांगणारा परका, यंत्र अपरिचित आणि ते आवळण्यात त्याचे स्वतःचे प्रयोजन काहीच नाही. अशा स्थितीत काट्याने दाखवलेला आकडा स्नायूंचा किती आणि संवादाच्या अभावाचा किती, हे वेगळे करता येण्यासारखे नव्हते. पण कोष्टकात दोन्हींसाठी एकच स्तंभ होता.

४

बेल्जियन गणिती व ज्योतिर्विद अदॉल्फ केतले याने १८३५ च्या आपल्या ग्रंथात या मापनांचा परामर्श घेतला. रेन्येच्या यंत्रातील मोठी अडचण त्याने दाखवून दिली ती हाताच्या आकाराची. स्प्रिंगच्या दोन बाजूंतील अंतर ठरलेले असते. हात मात्र लहानमोठे असतात. लहान हाताच्या माणसाची बोटे त्या अंतरावर पुरेशी वळत नाहीत आणि त्याचे बळ आहे त्याहून कमी दिसते. केतलेने मुलांपासून वृद्धांपर्यंत स्त्री-पुरुषांची मोजणी करून वयानुसार कोष्टक तयार केले. त्याचे आकडे रेन्येशी जुळले नाहीत आणि पेरोंशीही जुळले नाहीत. एकाच नावाच्या मापनातून तिघांना तीन निष्कर्ष मिळाले.

केतलेचे नाव ज्या कल्पनेशी निगडित आहे ती ‘सरासरी माणसा’ची कल्पना याच ग्रंथातली. ज्योतिषात एकाच ताऱ्याच्या अनेक निरीक्षणांची सरासरी ही खऱ्या स्थानाच्या सर्वांत जवळची मानतात आणि प्रत्येक निरीक्षणातील अंतर ही चूक मानतात. केतलेने हीच रीत माणसांना लावली. सरासरी हा जणू निसर्गाने योजलेला नमुना आणि प्रत्यक्ष माणसे ही त्या नमुन्याच्या कमीअधिक चुकलेल्या प्रती, असे त्याच्या विवेचनाचे स्वरूप झाले. ताऱ्याच्या बाबतीत हे युक्त आहे, कारण तारा एकच असतो. माणसे अनेक असतात. त्यांच्यातील फरक ही चूक नव्हे.

फ्रान्सिस गाल्टनची दृष्टी येथे वेगळी ठरते. १८८४ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात त्याने मानवमितीची प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स देऊन आत येणाऱ्या प्रत्येकाची उंची, वजन, दृष्टी, श्वासाची क्षमता इत्यादी मापे घेतली जात. हाताच्या पकडीचे बळ हे त्यांतीलच एक. अशा रीतीने ९,३३७ माणसांची मोजणी झाली. गाल्टनला सरासरीपेक्षा विस्तारात अधिक रस होता. १८८५ मध्ये त्याने हे आकडे शततमकांच्या रूपाने मांडले, म्हणजे शंभर माणसे बळाच्या क्रमाने उभी केली तर पाचव्या, दहाव्या, पन्नासाव्या, नव्वदाव्या स्थानी कोणता आकडा येईल, हे सांगितले. तेवीस ते सव्वीस वर्षांच्या ५१९ पुरुषांत पकडीचा मध्यक ८५ पौंड आणि त्याच वयाच्या २७६ स्त्रियांत ५२ पौंड आला. आज रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या कोष्टकांचा साचा हाच आहे.

तथापि गाल्टनच्या कोष्टकातील माणसे कोण होती? प्रदर्शनाला येण्याची सवड असणारी, तीन पेन्स खर्च करण्यास तयार असणारी आणि स्वतःला मोजून घेण्याची हौस असणारी. त्यांच्या प्रकृतीची चौकशी करून त्यांची निवड झालेली नव्हती. ती ‘निरोगी’ होती असे म्हणता येत नाही. ती ‘आलेली’ होती एवढेच म्हणता येते. आणि गाल्टनने या आकड्यांवरून स्त्रियांविषयी काढलेले उद्गार पाहिले म्हणजे पेरोंची वृत्ती पुरती गेली नव्हती हेही जाणवते. १,६५७ प्रौढ स्त्रियांतील सर्वांत बळकट स्त्रीची पकड ८६ पौंड, म्हणजे मधल्या पुरुषाइतकी, भरली. आणि अशा स्त्रिया विरळा असणे पुरुषांच्या स्वस्थतेच्या दृष्टीने बरेच आहे, असा विनोद त्याने त्यावर केला. कोष्टक तयार होताच त्याचा उपयोग स्थान दाखवून देण्यासाठी होऊ लागतो, याचे हे लहानसे उदाहरण होय.

५

विसाव्या शतकाच्या मध्यास पकडीचे मापन मानवमितीच्या कक्षेतून निघून शस्त्रक्रियेच्या व पुनर्वसनाच्या कक्षेत आले. केतलेने दाखवलेली हाताच्या आकाराची अडचण चार्ल्स बेक्टॉल याने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दूर केलेली दिसते. त्याने पुरस्कारलेल्या ‘जामार’ या यंत्रात स्प्रिंगऐवजी बंदिस्त द्रवाचा दाब वापरला होता आणि मुठीचे अंतर अर्ध्या-अर्ध्या इंचाने बदलता येईल अशा पाच जागा ठेवल्या होत्या. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, जॉन नेपियरने हाताच्या हालचालींचे ‘बळाची पकड’ व ‘नेमकेपणाची पकड’ असे वर्गीकरण मांडले. हातोडा धरणे आणि सुई धरणे या भिन्न जातीच्या क्रिया असून बलमापक त्यांतील पहिलीचेच मोजमाप देतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

या वेळी आकड्याशी पैशाचा संबंध जोडला गेला. कॅलिफोर्नियात जखमी कामगाराच्या कायमच्या अंशतः अपंगत्वाचे मूल्यमापन करताना पकडीतील घट हा एक घटक धरला जात होता. तेथील वैद्यक संघटनेच्या समितीने उपलब्ध यंत्रांची तुलना करून जामार यंत्राची शिफारस केली. भरपाई किती द्यावयाची हे ज्यावर ठरते तो आकडा आता केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहिला नाही. दुखापतीपूर्वीची पकड बहुधा कोणी मोजलेली नसते. तेव्हा घट मोजावयाची कशावरून? एक मार्ग म्हणजे दुसऱ्या, धड हाताशी तुलना. सवयीचा प्रमुख हात दुसऱ्याहून दहा टक्क्यांनी बळकट असतो, हा ‘दहा टक्क्यांचा नियम’ त्यासाठी रूढ झाला. १९८९ मध्ये पीटरसन व त्यांचे सहकारी यांनी ३१० व्यक्तींवर हा नियम पडताळला. उजखोऱ्या माणसांत फरक १२.७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नियमाहून काहीसा अधिक, आला. डावखोऱ्यांत तो जवळजवळ शून्य आला. म्हणजे तोवर हा नियम लावून ज्या डावखोऱ्या कामगाराचे मूल्यमापन झाले असेल, त्याच्या हाताविषयीचा निर्णय दुसऱ्याच कोणाच्या हातावरून घेतला गेला होता.

भरपाईच्या प्रश्नाबरोबर संशयही आला. कामगार खरोखर सर्व शक्ती लावतो आहे की दुबळेपणाचे सोंग करतो आहे? मुठीच्या पाचही जागांवर मोजणी केली असता प्रामाणिक प्रयत्नाचा आलेख मध्ये उंच व टोकांना उतरता येतो आणि सोंग करणाऱ्याचा सपाट येतो, असे १९८३ मध्ये सुचवले गेले. पुढील अभ्यासांत ही कसोटी तितकी भरवशाची ठरली नाही. ज्याचा हात खरोखरच अतिशय दुबळा झाला आहे त्याचा आलेखही सपाटच येऊ शकतो, कारण उंच जाण्याइतके बळच तेथे नसते. पेरोंच्या वेळी अनुत्तरित राहिलेला प्रश्न, म्हणजे आकड्यात स्नायू किती व इच्छा किती हा, दीडशे वर्षांनंतर अशा रूपाने परत आला.

त्यावर जे खरे उत्तर सापडले ते आरोपाचे नव्हे, तर शिस्तीचे होते. अमेरिकेतील हस्तोपचारकांच्या संघटनेने १९८१ मध्ये मापनाची पद्धत निश्चित केली : व्यक्ती बसलेली असावी, दंड शरीराला लागून, कोपर काटकोनात, अग्रबाहू मध्यम स्थितीत, मनगट सरळ किंवा किंचित मागे वळलेले, यंत्राची मूठ दुसऱ्या जागेवर, आणि तीन प्रयत्नांची सरासरी. व्हर्जिल मॅथिओवेट्झ व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या पद्धतीची विश्वसनीयता तपासताना आदेशाचे शब्दही ठरवून घेतले. हे अनाठायी नव्हते. आदेश मोठ्या आवाजात दिला असता स्नायूंचे आकुंचन अधिक जोराचे होते, असे १९८३ च्या एका प्रयोगात दिसून आले होते. उच्चारलेले वाक्य हा मापनयंत्राचाच एक भाग आहे, ही गोष्ट अशा रीतीने मान्य झाली.

याच पद्धतीने मॅथिओवेट्झ व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ३१० पुरुष व ३२८ स्त्रिया यांची कोष्टके प्रसिद्ध केली. वये २० ते ९४; सर्व माणसे अमेरिकेतील मिलवॉकी शहर व त्याभोवतालच्या परगण्यांतील. विशीच्या पूर्वार्धातील पुरुषांच्या उजव्या हाताची सरासरी पकड १२१ पौंड आणि पंचाहत्तरीपुढील पुरुषांची सुमारे ६६ पौंड आली. गाल्टनच्या पुरुषांचा मध्यक ८५ पौंड होता. यावरून शंभर वर्षांत माणसाचे बळ दीडपटीच्या जवळ गेले असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अग्राह्य ठरेल. यंत्र वेगळे, ठेवण वेगळी, माणसे निवडण्याची रीत वेगळी. दोन आकड्यांत समान आहे ते केवळ एकक.

६

मिलवॉकीचे कोष्टक लवकरच जगभर वापरले जाऊ लागले. ते तयार करणाऱ्यांनी आपली माणसे कोठली हे स्पष्ट नोंदवले होते. परंतु कोष्टक जसे दूर जाते तसा त्याचा मथळा गळून पडतो आणि उरतो तो ‘नॉर्मल’ हा शब्द. या शब्दाची थोडी चिकित्सा आवश्यक आहे.

‘नॉर्मल’ला मराठी परिभाषेत ‘प्रसामान्य’ हा पर्याय योजला गेला. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ बहुसंख्यांत आढळणारे एवढाच आहे. पण रुग्णालयात वैद्य जेव्हा ‘सगळे नॉर्मल आहे’ असे म्हणतो, तेव्हा ऐकणारा त्याचा अर्थ ‘काळजीचे कारण नाही’ असा घेतो. पहिला अर्थ वारंवारतेचा, दुसरा इष्टतेचा. एकाच शब्दात हे दोन अर्थ नांदतात आणि बोलणारा नकळत एकातून दुसऱ्यात जातो. केतलेच्या ‘सरासरी माणसा’त हाच घोटाळा होता. फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम याने १९४३ च्या आपल्या प्रबंधात या संभ्रमाची मूलगामी चर्चा केली. जे पुष्कळांत आढळते ते आरोग्य, असे समीकरण मांडता येत नाही, हा तिचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होता.

प्रयोगशाळेच्या व्यवहारात यातून वाट काढली ती फिनलंडच्या ग्रेसबेक व सारिस या दोन शास्त्रज्ञांनी. रक्तातील घटकांच्या संदर्भात त्यांनी १९६९ मध्ये ‘प्रसामान्य मूल्य’ ही संज्ञा सोडून ‘संदर्भमूल्य’ ही कल्पना पुढे आणली. हा केवळ शब्दाचा पालट नव्हता. ‘प्रसामान्य’ म्हटले की कोणासाठी, हा प्रश्न विचारण्याची गरज वाटत नाही. ‘संदर्भ’ म्हटले की कोणता, असे विचारावेच लागते. संदर्भमूल्य देणाऱ्याने आपली माणसे कशी निवडली, कोणाला वगळले, कोणत्या स्थितीत मापे घेतली, हे सांगण्याचे दायित्व त्या संज्ञेतच येते.

७

गेल्या काही दशकांत पकडीचे मापन हाताच्या उपचारांपुरते राहिले नाही. हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या सहा हजारांहून अधिक पुरुषांची पकड १९६५ ते १९७० या काळात मोजली गेली होती. मध्यम वयात पकड दुबळी असणाऱ्यांना पंचवीस वर्षांनंतर अपंगत्व येण्याचा संभव अधिक होता, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतासह १७ देशांतील १,३९,६९१ प्रौढांच्या अभ्यासात, पकड पाच किलोग्रॅमने कमी असल्यास मृत्यूचा संभव १६ टक्क्यांनी अधिक, असे २०१५ मध्ये आढळले. वृद्धत्वात स्नायूंचा होणारा ऱ्हास म्हणजे ‘सार्कोपेनिया’. त्याच्या निदानात पकडीला अग्रस्थान मिळाले. युरोपीय तज्ज्ञगटाने २०१९ च्या सुधारित मसुद्यात पुरुषांसाठी २७ व स्त्रियांसाठी १६ किलोग्रॅम हे सीमांक दिले. आशियाई गटाने त्याच सुमारास २८ व १८ हे दिले. त्याखाली पकड गेली की व्याधीची शंका घ्यावयाची.

आता या सीमांकांशेजारी दुसरे एक कोष्टक ठेवून पाहावे. त्याच बहुराष्ट्रीय अभ्यासातून २१ देशांतील १,२५,४६२ निरोगी प्रौढांची संदर्भमूल्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोप व उत्तर अमेरिकेतील चाळिशीआतील पुरुषांचा मध्यक ५० किलोग्रॅम. आग्नेय आशियातील साठीपुढील स्त्रियांचा मध्यक १८ किलोग्रॅम. दक्षिण आशिया, आग्नेय आशिया व आफ्रिका येथील आकडे सर्वांत कमी होते. मध्यक १८ याचा अर्थ असा की, निरोगी म्हणून निवडलेल्या त्या स्त्रियांपैकी सुमारे अर्ध्या आशियाई गटाने दिलेल्या सीमेवर किंवा तिच्याखाली येतात. सीमांक खरा मानला तर या स्त्रिया व्याधिग्रस्त ठरतात. निवड खरी मानली तर त्या निरोगी ठरतात.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक प्रदेशाचे स्वतंत्र कोष्टक. परक्या लोकांच्या मापाने आपल्या रुग्णाला दुबळे ठरवू नये, हा त्यामागील आग्रह न्याय्य आहे, आणि पेरोंचा इतिहास ध्यानात घेता तो अधिकच न्याय्य वाटतो. परंतु या उपायात एक धोका आहे. प्रौढपणीची पकड उंचीशी निगडित असते, तसेच जन्माच्या वेळच्या वजनाशीही निगडित असते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे गर्भावस्थेतील व बालपणातील पोषण पुढे मुठीत उतरते. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांना अपुरे अन्न मिळाले, तेथील ‘निरोगी’ स्त्रियांचे कोष्टक हे काही अंशी त्या उपासमारीचे कोष्टक असते. ते प्रमाण मानले की उपासमार नाहीशी होत नाही. ती केवळ दिसेनाशी होते. उलटपक्षी परदेशी कोष्टक प्रमाण मानले तर निरोगी म्हातारीच्या माथी व्याधीचे नाव बसते. पहिल्या चुकीत समाजावरील अन्याय झाकला जातो, दुसरीत व्यक्तीवर अन्याय होतो.

यांतून सुटका एकाच कोष्टकाने होणार नाही, कारण येथे प्रश्न दोन आहेत. ‘या स्त्रीची पकड तिच्या बरोबरीच्या स्त्रियांच्या मानाने कशी आहे?’ हा एक प्रश्न. त्याला प्रादेशिक संदर्भमूल्य हेच योग्य उत्तर. ‘या पकडीने तिला आपली कामे करता येतील काय, आणि पुढे तिच्या प्रकृतीला कितपत धोका आहे?’ हा दुसरा; त्याला शेजारणींशी तुलना करून उत्तर मिळत नाही, त्यासाठी त्याच समाजातील माणसे दीर्घकाळ पाहत राहणे हाच मार्ग आहे. पहिला प्रश्न वारंवारतेचा आहे, दुसरा आरोग्याचा. ‘नॉर्मल’ या शब्दाने आजवर दोहोंची सरमिसळ केली. ‘संदर्भमूल्य’ या शब्दाने ती टाळण्याची सोय करून दिली आहे, पण शब्द काळजीपूर्वक वापरला तरच.

म्हणून पकडीची नोंद केवळ ‘३० किलोग्रॅम’ एवढी असू नये. कोणते यंत्र, ते अखेरचे कधी पडताळले, कोणता हात व व्यक्ती उजखोरी की डावखोरी, शरीराची ठेवण कशी, किती प्रयत्न व त्यांची सरासरी की सर्वाधिक आकडा, आदेश कोणत्या भाषेत व कोणत्या शब्दांत, आणि तुलना कोणत्या लोकांच्या कोष्टकाशी केली, एवढे तपशील तिच्यासह नोंदले गेले पाहिजेत. रुग्णालयातील नोंदवहीत यासाठी दोन ओळी अधिक लागतील. त्या दोन ओळी नसल्या म्हणजे काय होते, हे टास्मानियाच्या रहिवाशांपासून कॅलिफोर्नियातील डावखोऱ्या कामगारापर्यंतच्या इतिहासाने पुरेसे दाखवून दिले आहे.